चषक जिंकणारे आणि पहिल्या फेरीत हरणारे

वसंत व्याख्यानमालेत फुटबॉलचा विषय निघालेला पाहून कित्येकांच्या भुवया वर चढतील, हे आम्ही जाणून आहोत. संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, शेतीचे प्रश्न अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत हा चेंडू कोठून घरंगळत आला, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. परंतु ज्या जिल्ह्यात समर्थांचे जांब आहे, त्या जिल्ह्यात तरी बलोपासनेचा विषय परका मानण्याचे कारण नाही. दुसरे असे की, वसंत सरत आला म्हणजे मृग काही फार दूर नसतो. पाऊस पडतो, शाळा उघडतात आणि थोड्याच दिवसांत शालेय सामन्यांच्या कार्यक्रमपत्रिका फळ्यावर लागतात. ह्या स्पर्धा कशा भरवाव्यात ह्याचा विचार करावयाचा तर तो आताच, सावलीत बसून, केलेला बरा. चेंडू एकदा मैदानात आला की विचार मागे पडतो आणि आरडाओरडा पुढे होतो.

ह्या लेखात आम्ही एका जुन्या हंगामाची हकीकत सांगणार आहोत. मुंबईच्या रोव्हर्स चषकाचा १९५० सालचा हा हंगाम. त्या वर्षी तो चषक ज्या संघाने नेला तो संघ, जालना त्या वेळी ज्या राज्यात होते, त्याच राज्याचा होता. म्हणून तरी ही गोष्ट आपल्या घरची आहे. पण हकीकतीसाठी हकीकत सांगण्याचा आमचा हेतू नाही. चषक कोणी जिंकला हे सर्वांच्या लक्षात राहते. तो जिंकणारा संघ कोठे व कसा तयार झाला, आणि पहिल्याच फेरीत हरलेल्यांचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमचा खरा विषय तो आहे.

बाद पद्धत म्हणजे काय?

स्पर्धा भरविण्याच्या मुख्य रीती दोन. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी खेळतो आणि शेवटी गुणांची बेरीज होते. बाद पद्धतीत जो हरला तो त्याच क्षणी स्पर्धेबाहेर जातो. लहानपणी आपण सर्वांनीच संगीत खुर्ची खेळली आहे. वाजंत्री थांबली आणि खुर्ची मिळाली नाही की मुकाट्याने बाजूला जाऊन उभे राहावयाचे. बाद पद्धतीची स्पर्धा ही मोठ्या माणसांची संगीत खुर्चीच होय.

फुटबॉलमध्ये ही रीत रूढ केली ती इंग्लंडने. १८७१ साली तेथील फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक ह्यांनी अशी स्पर्धा भरविण्याची सूचना मांडली. ते हॅरो ह्या शाळेत शिकलेले होते आणि त्या शाळेत विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांमध्ये अशाच पद्धतीने सामने होत. त्यावरून ही कल्पना त्यांना सुचली. म्हणजे जगातील सर्वांत जुन्या फुटबॉल चषकाचे मूळ एका शाळेच्या मैदानात आहे. पहिल्या वर्षी पंधरा संघांनी नावे दिली. १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर वाँडरर्स ह्या संघाने रॉयल इंजिनिअर्सचा १-० असा पराभव केला. विजयी संघाचे कप्तान स्वतः चिटणीस अल्कॉकच होते, हा योगायोग आपल्याकडील कार्यकारी मंडळांच्या सभासदांनाही आवडण्यासारखा आहे.

त्या पहिल्याच स्पर्धेतील एक लहानशी घटना मात्र पुस्तकांत कोपऱ्यात पडलेली असते. ग्लासगोचा क्वीन्स पार्क हा संघ उपान्त्य सामन्यासाठी लंडनला आला आणि वाँडरर्सशी बरोबरीत खेळला. नियमाप्रमाणे सामना पुन्हा व्हावयाचा होता. पण त्यासाठी लागणारा खर्च ग्लासगोकरांना झेपेना. त्यांनी माघार घेतली, वाँडरर्स अंतिम सामन्यात गेले आणि चषक घेऊन मोकळे झाले. क्वीन्स पार्क मैदानावर हरले नव्हते, प्रवासखर्चाने हरले होते. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. तिची गरज आपल्याला पुढे पडणार आहे.

बाद पद्धतीचे गणित सोपे आहे. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि अखेर एकच उरावयाचा असतो. म्हणून जितके संघ त्याहून एक कमी इतके सामने. सोळा संघ असतील तर पंधरा सामन्यांत काम आटोपते. तेच सोळा संघ साखळीत खेळविले तर एकशे वीस सामने होतात. वेळ थोडा, मैदान एक आणि पंच दोन-तीन, अशी स्थिती असली म्हणजे बाद पद्धत सोयीची वाटते ती एवढ्यासाठीच.

संघांची संख्या आठ, सोळा, बत्तीस अशी दुपटीत बसली तर प्रश्न नाही. समजा, बावीस संघ आले. वरचा आकडा बत्तीस. बत्तिसातून बावीस गेले, उरले दहा. म्हणून दहा संघांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल द्यावयाची. उरलेल्या बारांत सहा सामने होतात, त्यांतील सहा विजेते आणि हे दहा मिळून सोळा भरतात, आणि तेथून पुढे गाडी रुळावर लागते. पुढे चाल कोणाला द्यावयाची हे चिठ्ठ्या टाकून ठरवितात, किंवा आधीच्या कामगिरीवरून मानांकन करतात. दोन बलाढ्य संघांची गाठ पहिल्याच दिवशी पडू नये, हा मानांकनाचा हेतू.

बरोबरी झाली तर काय, हा दुसरा प्रश्न. जुन्या काळी सामना पुन्हा खेळविण्यात येई. ते शक्य नसेल तेथे नाणे उडवीत. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएट रशिया ह्यांच्यातील उपान्त्य सामन्याचा निकाल असाच नाणेफेकीवर लागला आणि इटली अंतिम सामन्यात गेली. पेनल्टीच्या पाच-पाच फटक्यांची आज सर्वांच्या परिचयाची असलेली रीत नियमांत आली ती १९७० साली. ह्यावरून एवढे दिसते की बाद पद्धतीला निकाल हवा असतो, मग तो चेंडूने लागो, नाण्याने लागो की प्रवासखर्चाने लागो.

रोव्हर्स चषक

आपल्या देशात हा खेळ गोऱ्या पलटणींबरोबर आला आणि पहिले चषकही त्यांचेच. सिमल्याच्या डोंगरात १८८८ साली ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली. मुंबईत रोव्हर्स चषक आला तो त्यानंतर तीनच वर्षांनी. १८९१ साली वूस्टरशायर रेजिमेंटच्या संघाने तो प्रथम जिंकला. कलकत्त्याची आय. एफ. ए. ढाल १८९३ ची. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून ती ढाल जिंकली आणि देशभर आनंदाची लाट उसळली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. बागानचे एक सोडून बाकी सर्व खेळाडू त्या सामन्यात अनवाणी खेळले होते.

मुंबईचा चषक मात्र पुष्कळ वर्षे पलटणींच्याच छावणीत राहिला. १९२३ साली मोहन बागान मुंबईस येऊन अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम ह्या संघाने हा चषक जिंकला व पुढील वर्षी तो राखला. १९४० साली तो कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगकडे गेला आणि १९४९ साली कलकत्त्याच्याच ईस्ट बेंगॉलकडे. कूपरेजच्या मैदानावर मुंबईचे कारकून, गिरणी कामगार, गोवेकर, इराणी, पारशी असे सर्व प्रकारचे लोक ह्या सामन्यांना गर्दी करीत.

१९५० चा हंगाम

आता आपल्या हंगामाकडे येऊ. त्या वर्षाचे चित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निझामी राजवट संपली होती. २६ जानेवारी १९५० रोजी देश प्रजासत्ताक झाला. मराठवाड्याचे पाच जिल्हे अद्याप हैदराबाद राज्यातच होते, आणि जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. आपण मुंबई राज्यात आलो ते १९५६ च्या नोव्हेंबरात, आणि जालन्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे १९५० साली जालन्याच्या माणसाने पत्त्याखाली राज्याचे नाव लिहिले असते तर ते हैदराबादच असते.

हैदराबादचे पोलीस हा शब्द त्या वेळी मराठवाड्यात फारशा प्रेमाने उच्चारला जात नसे. राजवटीच्या अखेरच्या वर्षांतील जुलमांच्या आठवणी ताज्या होत्या आणि त्या ताज्या असणे स्वाभाविकच होते. अशा वेळी हैदराबाद सिटी पोलीस ह्या नावाचा एक फुटबॉल संघ मुंबईस गेला आणि रोव्हर्स चषक जिंकून परतला. त्याच हंगामात तो दिल्लीस ड्युरँड चषकासाठी गेला. महायुद्धापासून बंद पडलेली ती स्पर्धा स्वातंत्र्यानंतर त्या वर्षी प्रथमच भरत होती. अंतिम सामन्यात समोर मोहन बागान होता. पहिला सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पेनल्टीच्या फटक्यांची सोय तेव्हा नव्हती. सामना पुन्हा खेळवावा लागला आणि तो पोलिसांनी १-० असा जिंकला. देशातील दोन मोठे चषक एकाच हंगामात हैदराबादेस आले.

एवढ्यावर हे थांबले असते तर एक चांगले वर्ष म्हणून आपण ते सोडून दिले असते. पण रोव्हर्स चषक ह्याच संघाने १९५१ साली जिंकला, १९५२ साली जिंकला, १९५३ आणि १९५४ सालीही जिंकला. ओळीने पाच वर्षे तो हैदराबाद सोडून कोठे गेला नाही.

बाद पद्धतीत हे किती अवघड आहे ह्याचा अंदाज थोड्या हिशेबाने करता येतो. समजा, एखादा संघ इतका चांगला आहे की तो दहांपैकी आठ सामने जिंकतो. चषकासाठी त्याला ओळीने चार सामने जिंकावयाचे आहेत. अशा संघाने एक चषक जिंकण्याचा संभव शंभरात एकेचाळीस इतकाच निघतो. म्हणजे चांगला संघही निम्म्याहून अधिक वेळा रिकाम्या हाताने परततो. आणि पाच वर्षे ओळीने, म्हणजे वीस सामने न हरता, जिंकण्याचा संभव? शंभरात जेमतेम एकदा. दहांत नऊ सामने जिंकणारा संघ घेतला तरी तो आकडा शंभरात बारांच्या वर जात नाही. तेव्हा पाच वर्षांचे हे यश नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही. नशीब एखादा सामना जिंकून देते. वीस सामने जिंकून देण्याइतके ते कोणाच्याच ओळखीचे नसते.

शाळामास्तरांची करामत

ह्या यशामागे जी व्यक्ती होती ती पोलीस खात्यातील नव्हती. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे एक शिक्षक. १९०९ साली जन्मलेले रहीम उस्मानिया विद्यापीठातून पदवीधर झाले, शाळांतून शिकवू लागले, पुढे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला आणि हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे काम अंगावर घेतले. सर्वजण त्यांना रहीमसाहेब म्हणत. सिटी पोलिसांच्या संघाला तेच शिकवीत. त्या संघातील अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, मोईनुद्दीन, लईक ही नावे पुढे देशाच्या संघात झळकली.

रहीमांच्या शिकविण्यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. मोठ्या चषकाची वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांनी हैदराबादेत मुलांसाठी आणि तरुणांसाठी लहान लहान स्पर्धा सुरू केल्या आणि त्या स्पर्धांचे नियमच असे केले की खेळता खेळता शिक्षण व्हावे. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवीत नेण्याची मनाई असे. चेंडू आला की तो सोबत्याकडे दिलाच पाहिजे. दुसऱ्या एका स्पर्धेत फक्त कच्च्या पायाने चेंडू मारावयाचा; उजव्या पायाचा खेळाडू असेल तर त्याने डावाच पाय वापरावयाचा. उंचीच्या मर्यादेवर संघ बांधून खेळविण्याच्या स्पर्धाही होत्या, म्हणजे लहान चणीच्या मुलाला धिप्पाड मुलापुढे मुकाट बसावे लागू नये.

ह्यातील शहाणपण असे. चेंडू पायाशी धरून ठेवण्याची हौस प्रत्येक मुलाला असते. ती हौस उपदेशाने जात नाही, नियमाने जाते. चेंडू लगेच द्यावयाचा म्हटला की तो येण्यापूर्वीच मान वर करून सोबती कोठे आहे हे पाहावे लागते, आणि ज्याच्याजवळ चेंडू नाही त्याला मोकळी जागा शोधीत पळावे लागते. कच्च्या पायाचेही तसेच. ज्याचा एकच पाय चालतो त्याला प्रतिपक्षाचा खेळाडू एका अंगाने अडवितो आणि काम संपते. दोन्ही पाय चालू लागले की त्याला अडविण्यासाठी दोघे लागतात आणि मग मैदानावर दुसरीकडे कोणी तरी मोकळा राहतो. ही रीत अंगवळणी पडायला महिनेच्या महिने लागतात आणि पुष्कळ सामने खेळावे लागतात. मुंबईच्या कूपरेजवर जे चार-पाच दिवस दिसले, त्याच्यामागे हैदराबादच्या मैदानांवरचे असे शेकडो दिवस होते.

रहीम १९५० पासून देशाच्या संघाचेही शिक्षक झाले. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत भारताने इराणला १-० हरवून सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा गोल घातले आणि आपला एकच झाला. हा पराभव लपविण्यासारखा नाही, उलट सांगण्यासारखा आहे; कारण त्यातून शिकण्यात आले. त्यापूर्वी आपले पुष्कळ खेळाडू अनवाणी खेळत, ती चाल बंद झाली. चारच वर्षांनी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझा ह्या खेळाडूने एकट्याने तीन गोल केले, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले आणि आपला संघ चौथा आला. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई सामन्यांत आपण दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा सुवर्णपदक मिळविले. दुर्धर व्याधीने ग्रासलेले रहीम त्यानंतर वर्षभरही राहिले नाहीत. ११ जून १९६३ रोजी ते निवर्तले.

मेलबर्न आणि जाकार्ता दोन्ही ठिकाणी खेळलेला तुळशीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या एका खेड्यातील गरीब घरचा मुलगा. रहीमांनी त्याला हेरले. पण रोज हैदराबादेस सरावाला यावयाचे तर खर्च कोठून आणावयाचा? रहीमांनी त्याच्या सायकलीच्या भाड्याची सोय केली. ग्लासगोच्या संघाला जे पैसे १८७२ साली मिळाले नाहीत, तसलेच थोडे पैसे ह्या मुलाला वेळेवर मिळाले आणि देशाला एक ऑलिंपिक खेळाडू लाभला.

चषक टिकत नाहीत, मैदाने टिकली पाहिजेत

रोव्हर्स चषकाचे पुढे काय झाले? १९९६ पासून देशात राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, मोठ्या संघांची वर्षे सामन्यांनी भरून गेली, आणि जुन्या चषकांकडे लक्ष देण्यास सवड उरेना. २०००-०१ च्या हंगामानंतर रोव्हर्स चषकाची स्पर्धा भरलेली नाही. शंभराहून अधिक वर्षांची ती स्पर्धा आता केवळ पुस्तकांत आणि म्हाताऱ्या प्रेक्षकांच्या बोलण्यात उरली आहे. हैदराबादचा तो दराराही रहीमांच्या मागे फार वर्षे टिकला नाही. माणूस गेला, त्याने चालविलेल्या लहान स्पर्धा विरल्या, आणि मोठे चषक येण्याची वाटही बंद झाली.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तेथे पोरासोरांच्या तोंडी असतात. शाहू स्टेडियमवर तेथील क्रीडा संस्था साखळी सामने भरविते आणि त्याच हंगामात निरनिराळे चषक बाद पद्धतीने होतात. साखळीमुळे प्रत्येक संघाला खेळावयास मिळते आणि चषकामुळे गर्दी लोटते. एक पोटभर जेवण आहे, दुसरे सणाचे पक्वान्न. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात देशाच्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच, ह्यात आश्चर्य नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते

आता मूळ मुद्द्यावर येऊ. शाळांच्या संघांसाठी दिल्लीस सुब्रतो चषकाची स्पर्धा भरते. आपल्या वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी ह्यांच्या नावाची ही स्पर्धा १९६० साली सुरू झाली. तिची वाट तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जाते. शाळा पुष्कळ आणि दिवस थोडे, म्हणून खालच्या पायऱ्यांवर बाद पद्धत येते, हे समजण्यासारखे आहे.

परंतु त्याचा परिणाम पाहा. अशाच एका स्पर्धेच्या दिवशी पावसाळी सकाळी आम्ही मैदानाच्या कडेला उभे होतो. एका तालुक्याच्या गावाहून मुलांचा संघ पहाटेच्या एस. टी. ने आला होता. कपडे एकसारखे होते, बूट मात्र सर्वांच्या पायांत नव्हते. पहिलाच सामना त्यांचा लागला आणि ते एका गोलाने हरले. दहा वाजण्याच्या सुमारास मुलांनी चिखल धुतला, डबे उघडले आणि परतीच्या गाडीची चौकशी सुरू केली. बरोबर आलेल्या मास्तरांना आम्ही विचारले, "आता पुढचा सामना केव्हा?" ते म्हणाले, "आता पुढच्या वर्षी." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते उत्तर आम्हाला अधिक लागले. त्या मुलांचा वर्षाचा हंगाम एका सामन्याचा होता. त्यांतील जी मुले दहावीत होती त्यांना शाळेच्या संघातून पुढचे वर्षही मिळणार नव्हते.

सोळा संघांच्या स्पर्धेत आठ संघांची हीच गत होते. निम्मे खेळाडू एकदाच खेळतात, आणि ते निम्मे बहुधा तेच असतात ज्यांना खेळण्याची गरज सर्वांत अधिक असते. बलवान संघाला चार सामने मिळतात आणि दुबळ्याला एक. असे दरसाल होत राहिले तर दोघांतील अंतर वाढत जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. बाद पद्धत कोण श्रेष्ठ हे दाखविते. श्रेष्ठ कसे व्हावे हे शिकविण्याची तिच्यात सोय नाही. हैदराबादने ती सोय दुसरीकडे केली होती, म्हणून मुंबईत तिचे फळ मिळाले.

ह्यावर उपाय काय? सरकारी स्पर्धांचे नियम बदलणे आपल्या हाती नाही. पण गावात नागरिकांनी, मंडळांनी, व्यापाऱ्यांनी भरविलेल्या स्पर्धा तर आपल्या हातच्या आहेत. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी असे आपल्या जिल्ह्याचे आठ तालुके. प्रत्येकाचा एक संघ धरू. सरळ बाद पद्धतीने सात सामने होतील आणि चार तालुके एक सामना खेळून घरी जातील. आता त्यात थोडा बदल करू. पहिल्या फेरीत हरलेल्या चार संघांची एक निराळी लहान स्पर्धा त्याच मैदानावर घ्यावी. तीन सामने वाढतील, एकूण दहा होतील, आणि प्रत्येक संघाला निदान दोन सामने मिळतील. आणखी एक पाऊल पुढे जाता आले तर चार-चार संघांचे दोन गट करून गटांत साखळी खेळवावी, प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपान्त्य फेरीत घ्यावेत आणि तेथून बाद पद्धत लावावी. अशाने सामने पंधरा होतात आणि घनसावंगीच्या किंवा मंठ्याच्या मुलांना हरले तरी तीन सामने खेळावयास मिळतात. चषकाची रंगत तीच राहते, अंतिम सामन्याची गर्दी तीच राहते.

सातांच्या ऐवजी पंधरा सामने म्हणजे खर्च वाढणार, पंचांची दगदग वाढणार, हे आम्ही नाकारीत नाही. मुलांना एक-दोन रात्री राहण्याची सोय लागेल. त्यासाठी एखाद्या शाळेचे दोन वर्ग आणि दोन वेळचे जेवण पुरे. "जालना सोने का पालना" असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि येथील दात्यांनी चषक देण्यात कधी हात आखडता घेतलेला नाही. आमची त्यांना एवढीच विनंती आहे की, पुढच्या खेपेस चषक वीतभर कमी उंचीचा घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत हरलेल्या संघाच्या दुसऱ्या सामन्याचा खर्च उचलावा. त्या चषकावर दात्याचे नाव कोरलेले असते आणि ह्या खर्चावर ते नसते, हे खरे. पण सायकलीच्या भाड्यावरही रहीमांचे नाव कोरलेले नव्हते.

मृगाला अजून काही दिवस आहेत. व्याख्यानाहून घरी जाताना आपापल्या शाळेतील, पेठेतील, तालुक्यातील स्पर्धा भरविणाऱ्या मंडळींना श्रोत्यांनी एक प्रश्न विचारावा. यंदा पहिल्या फेरीत जो संघ हरेल, त्याचा पुढचा सामना केव्हा? त्याला "पुढच्या वर्षी" असे उत्तर आले नाही, तर हा विषय व्याख्यानमालेत घेतल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.